सात पोटांचं बिरडं

कबड्डी हातापायांनी खेळतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल तसं वाटून घ्यावं! कबड्डी मोठ्या आतड्यानं खेळतात. हा शोध माझा. यार्डाच्या गेटवर, दोन ट्रेलरांच्या मधल्या फावल्या वेळात मी तो लावला. पुढं त्या शोधाचं जे काय झालं, ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुम्हाला सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

मी धर्माजी. उरणला एका कंटेनर यार्डात गेट क्लार्क. वय एकोणपन्नास, वजन विचारू नका. आमच्या गावच्या चाळिशीपुढच्या कबड्डी संघाचा कप्तान आणि उजवा कोपरा. दर जानेवारीत पालीला चाळिशीपुढच्यांची स्पर्धा असते आणि दर जानेवारीत आम्ही पहिल्याच फेरीत तळा गावच्या संघाकडून मार खाऊन दिवस मावळायच्या आत घरी असतो. सलग चार वर्षं! तळ्याची माणसं दिसायला शेवग्याच्या शेंगा, पण एकदा पाय धरला की घोरपड.

यंदा मात्र आमच्याकडं मुसअब होता. मुसअब आमचा हुकमी चढाईवाला. बारा वर्षं दोह्याला नोकरी, दोन वर्षांतून एकदा सुट्टी, आणि सुट्टी कधी जानेवारीत पडायची नाही. यंदा पडली. स्पर्धेनंतर चौथ्या दिवशी त्याचं विमान होतं.

"धर्मादादा," आल्या आल्या तो मला म्हणाला, "तिकडं खोलीवर सगळ्यांना सांगतो, मी कबड्डी खेळायचो. ते म्हणतात फोटो दाखव. हातात चषक असलेला एक फोटो नाही माझ्याकडं. यंदा एकदा उचलू या ना!"

"एकदा? दोन हातांत मावणार नाही एवढा उचलू!" मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला. आता चषक आणणं भाग होतं.

त्याच आठवड्यात मला मोबाईलवर तो व्हिडिओ दिसला. चोथा, म्हणजे फायबर, आपल्या पोटात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो. तिथले कोट्यवधी जंतू त्याला आंबवतात आणि त्यातून आतड्याला ताकद मिळते. व्हिडिओ साडेसहा मिनिटांचा होता. मला दोन मिनिटांतच सगळं समजलं, म्हणून पुढचा पाहिला नाही. हुशार माणसाचा असा वेळ वाचतो.

घरी गेलो आणि काशीला, म्हणजे बायकोला, फर्मान सोडलं, "शुक्रवारपासून दहा दिवस रोज सात डबे! प्रत्येकात दोन वाट्या कडव्या वालाचं बिरडं, एक नाचणीची भाकरी, एक अख्खा पांढरा कांदा. कच्चा."

"रोज एवढे वाल सोलायला कोण बसणार? तुमचा तो संघातला मोरू?"

"सोलायचेच नाहीत! सगळा चोथा सालातच असतो. साल काढलेलं बिरडं म्हणजे फायबरचा खून आहे, खून!"

काशीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, "सालासकट बिरडं आमच्या माहेरी म्हशीला घालायचे."

"आणि म्हैस कधी कुणाला उचलता आली?" मी विचारलं.

ती वाल मोजायला उठली. माझ्या हिशेबी तो होकारच.

विरोध झाला तो भलत्याच बाजूनं. मुसअबची धाकटी बहीण नूरैन मुंबईच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या आतड्यातल्या जंतूंवरच संशोधन करते. रविवारी ती घरी आलेली. मी उत्साहानं तिला बेत सांगायला गेलो, तर पोरगी हातातला चहाचा कप खाली ठेवून उभीच राहिली.

"धर्मादादा, सातही जणांना एकदम सारखाच डबा? असं करू नका हं!"

"का? वाल वाईट?"

"वाल उत्तम. पण पोटं वेगळी आहेत. प्रत्येकाच्या आतड्यातली जंतूंची वस्ती निराळी असते. असं बघा, आंबोळीचं पीठ एकाच दिवशी सात घरांत आंबवायला ठेवलं, तर सगळीकडं सारखं आंबतं का? एका घरी ते फुगून झाकण उडवतं, एका घरी नुसतं पाणी सुटतं, एका घरी ढिम्म हलत नाही. पोटाचंही तसंच. कुणाला वारा धरतो, कुणाचं काम रखडतं, कुणाला धावाधाव होते, आणि कुणाला खरंच फायदा होतो. आधी सांगता येत नाही. थोडं थोडं वाढवत न्या, महिना-दोन महिने. वस्तीला सवय होऊ द्या."

"स्पर्धा पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी आहे, नूरैन."

"मग स्पर्धेनंतर सुरू करा!"

"हे बघ, मी लहानपणापासून वाल खातोय. मला आजवर काही झालंय?"

"तुमच्या जंतूंना सवय आहे. भाईजानच्या जंतूंनी बारा वर्षं तिकडची खुबूस रोटी आणि कोंबडी पाहिलीय."

"संघ म्हणजे एकच पोट!" मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं.

शुक्रवारी मोहीम सुरू झाली. पहाटे काशीनं डबे भरले, ड्युटीवर जाता जाता मी ते एकेकाच्या दाराला अडकवत गेलो. मुसअबला एक. मोरूला एक, मोरू आमचा मधला गडी, वजन एकशे आठ किलो, स्वतःची बारा सीटांची गाडी चालवतो. राहुल आणि सुजित या सख्ख्या भावांना दोन. दोघं एकाच घरात राहतात, एकाच चुलीवरचं जेवतात, एकाच शेतात राबतात आणि मैदानावर हातात हात घालून साखळी करतात. चंदर पोस्टमनला एक. अलीमियाँना एक, ते आमचे ज्येष्ठ खेळाडू, वय अठ्ठावन्न, बोलणं साखरेत घोळवलेलं. आणि सातवा माझा.

सगळ्यांच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या, त्यामुळं सराव ज्याचा त्यानं करायचा आणि रोज संध्याकाळी संघाच्या व्हॉट्सॲप गटावर अहवाल टाकायचा, असं ठरलं. मी सक्त ताकीद दिली, "रडगाणं नको! कुरकूर करणारा संघाबाहेर!"

आता या गटावर नीराबाईही होत्या. नीराबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य. टी-शर्ट त्यांनी दिलेले, म्हणून त्यांना गटावर घेणं भाग होतं. या गोष्टीचा परिणाम काय होईल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

चौथ्या दिवशीचे अहवाल मी अजून जपून ठेवलेत.

सुजितनं लिहिलं होतं, "आज सकाळपासून सात चढाया. एकही वाया गेली नाही."

सात! वाचून माझी छाती फुगली. घरच्या अंगणात हा गडी सात-सात चढायांचा सराव करतोय!

त्याचा भाऊ राहुल, "तीन दिवस पकड घट्ट. काही केल्या सुटत नाही."

मोरू, "शिट्टी चालू हाय. थांबतच न्हाय." म्हणजे शिट्टीवर धावण्याचा सराव! एकशे आठ किलोचा माणूस! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चंदर, "पहाटे सहाला लोण. मैदान साफ. कितीतरी वर्षांनी!"

अलीमियाँ, "माशाल्ला, डबा रोज रिकामा. तबियत खूश."

एकट्या मुसअबचा सूर जरा उतरलेला होता. "दादा, दम पुरत नाही."

खाली नीराबाईंनी शाबासकी दिली होती, "सर्वांचे अभिनंदन! असाच जोर लावा!" त्यावर राहुलनं हात जोडून उत्तर दिलं होतं, "ताई, तेच करतोय."

इतका चांगला अहवाल आल्यावर कप्तानानं काय करायचं? मी खुराक वाढवला! दोनाच्या तीन वाट्या. ज्याची पकड इतकी घट्ट, त्या राहुलला वर एक जादा कांदा. मुसअबचा दम पुरत नव्हता, म्हणजे त्याच्या आतड्याला ताकद कमी पडत होती. त्याला चार वाट्या!

मधल्या रविवारी मला यार्डात डबल ड्युटी लागली, त्यामुळं कुणाशी समोरासमोर गाठ पडली नाही. रस्त्यात एकदा चंदर भेटला. सायकलवरून शीळ घालत चालला होता. "दादा, पंचवीस वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं!" म्हणाला. मला आणखी पुरावा कशाला हवा? मी स्वतः तर ठणठणीत होतोच.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी आठला सगळे मोरूच्या गाडीपाशी जमले. जमले म्हणजे काय, लग्नाच्या वऱ्हाडात भांडण झाल्यावर माणसं उभी राहतात, तसे एकमेकांपासून दहा-दहा फुटांवर उभे राहिले. राहुलचा टी-शर्ट पोटावर ढोलकीसारखा ताणलेला. सुजितचे गाल आत गेलेले. मी म्हटलं, सामन्याचा ताण आहे.

मोरूनं नुकताच गाडीत एसी बसवला होता. खिडकी उघडली की त्याला राग येतो. गाव सोडून दोन किलोमीटर झाले असतील. मोरूनं स्वतः, आपल्या हातानं, आपल्या बाजूची खिडकी उघडली.

"का रे?" मी विचारलं.

"तुम्हीबी उघडा," मोरू खाली मान घालून म्हणाला. "सगळ्यांनीच उघडा."

आणि मग आम्हाला त्याची शिट्टी ऐकू आली.

काय सांगू तुम्हाला! साधीसुधी नव्हे, धक्क्यावर बोट लागताना भोंगा वाजतो तशी. मागून अलीमियाँ "या अल्ला" म्हणाले.

"मोरू," मी हळूच विचारलं, "रोज तू गटावर लिहायचास ती शिट्टी..."

"हीच! दहा दिवस चालू हाय! नीराबाईंसमोर काय लिवणार? बायकोनं मना भायेर वटीवर झोपाय लावलंय!"

 मग सुजित कळवळून म्हणाला, "म्हणजे तुलाही त्रास होता? मला वाटलं, मी एकटाच! मोरूभाऊ, पेण आलं की पहिल्या हॉटेलला गाडी घे. माझी चढाईची वेळ झालीय."

"चढाई म्हणजे..." मी म्हणालो.

"दादा, सात वेळा माणूस कुठं चढाई करतो, सांगा ना!"

"आणि तुझी पकड?" मी राहुलकडं वळलो. तो मागच्या सीटवर आडवा पडला होता.

"आज दहावा दिवस," राहुल गाडीच्या छताकडं बघत म्हणाला. "नऊ दिवसांत दोनदा सुटली. तीपण नावापुरती."

सख्खे भाऊ! एका आईचं दूध, एका चुलीचं जेवण, एकाच बिरड्याचे डबे! एक पेणला उतरला, वडखळला उतरला, नागोठण्याला उतरला, आणि दुसरा एकदाही उतरला नाही, कारण त्याला उठताच येत नव्हतं. नूरैनचं आंबोळीचं पीठ माझ्या डोळ्यांसमोर तरंगायला लागलं.

पण मी हिंमत हरणारा माणूस नाही. "ठीक आहे, ठीक आहे!" मी म्हणालो. "चंदर बघा! अलीमियाँ बघा! मी बघा! सातातले तिघं फर्स्ट क्लास! म्हणजे आहार बरोबरच आहे."

अलीमियाँ खोकले. "धर्माजी, आता सफरीत खोटं कशाला बोलू? ते बिरडं मी... आमच्या बकरीला घालायचो."

"काय?"

"पहिल्या दिवशी एक घास खाल्ला. सालं दातांत अडकली. तुमचं दिल दुखवायचं नव्हतं. डबा रिकामा व्हायचा, हे खरं. आणि तबियत खूश, ती बकरीची!"

मी मुसअबकडं पाहिलं. तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. पोटावर हात. "दादा," तो म्हणाला, "पोट असं वर दाबतं की पूर्वी एका दमात तीस सेकंद जायचो, आता वीसलाच संपतं. तुम्ही एवढ्या हौसेनं डबे द्यायचात. नाही म्हणवलं नाही."

हे मात्र मला लागलं. खरं सांगतो, लागलं. मी तिथूनच नूरैनला फोन केला. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "आज कुणालाही वाल देऊ नका. पेज, गरम पाणी, आणि सामन्याआधी अर्धा तास चालवा सगळ्यांना. राहुलदादांना जास्त. सुजितदादांना मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. एका दिवसात पोट जागेवर येणार नाही, पण पडायचे तरी नाहीत."

आजचे सातही डबे पिशवीत तसेच राहिले.

पालीला मैदानाशेजारच्या मांडवात तळ्याचा संघ आधीच बसला होता. त्यांचा कप्तान हसत पुढं आला. "काय धर्माजीशेठ, यंदा म्हणे तुम्ही खास खुराक चालवलाय! सगळीकडं बोलबाला आहे." (बोलबाला मीच केला होता.) "डब्यात तेच काय?"

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली! जे आमच्या पोटांचं झालं, ते त्यांच्याही पोटांचं होऊ शकतं की! सामना चारला, आता अकरा वाजलेत. मी पिशवी पुढं केली. "अहो, खा ना! आपण काय परके आहोत? अजिबात लाजू नका. कांदासुद्धा आहे!"

त्यांनी सातही डबे चाटूनपुसून साफ केले. मी मुसअबला कोपरानं ढोसलं. "बघ आता गंमत!"

चार वाजता शिट्टी झाली तेव्हा तळ्याची सातही माणसं मैदानात टुणटुण उड्या मारत होती. त्यांच्या कप्तानानं धुतलेले डबे स्वतः आणून दिले. "झकास! सालासकट ना? आमच्या घरी असंच करतात. लहानपणापासून आठवड्यातून चारदा!"

नूरैननं नंतर सांगितलं, की खाल्लेलं मोठ्या आतड्यापर्यंत पोचायलाच पाच-सहा तास लागतात. वर त्यांची वस्ती वालावरच पोसलेली. म्हणजे मी प्रतिस्पर्ध्याला भर दुपारी फुकटचं जेवण घातलं, बस!

सामना सुरू झाला. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. पहिल्या डावात काय झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच झालं. ते सोळा, आम्ही चार.

दुसऱ्या डावात मात्र चमत्कार घडायला लागले. सुजित चढाईला गेला. जाताना अगदी सावकाश, जपून. मधेच त्याचा चेहरा बदलला. तो असा काही वळला आणि असा काही सुटला, की आडवे आलेले दोघं त्याच्या हाताला लागून बाजूला पडले! मध्यरेषा ओलांडली, आमचं मैदान ओलांडलं, मागची रेषा ओलांडली, प्रेक्षक ओलांडले, आणि तो शाळेमागं दिसेनासा झाला. दोन गुण आम्हाला! रेषेबाहेर गेला म्हणून तो बाद, एक गुण त्यांना. पंचांनी विचारलं, "खेळाडू कुठे गेला?" मी म्हटलं, "येईल. दर वेळी येतो."

मग त्यांचा चढाईवाला आला. राहुल नुसता उभा. वाकता येत नव्हतं बिचाऱ्याला. तो गडी चुकवायला गेला आणि थेट राहुलच्या पोटावर आदळला. ढुम्! आवाज मांडवापर्यंत गेला. गडी चेंडूसारखा उडून रेषेबाहेर! गुण आम्हाला!

पुढच्या चढाईला मोरूनं त्यांच्या कप्तानालाच मागून कमरेत धरलं. एकशे आठ किलोची मिठी. जोर लावला. जोर लावल्यावर जे व्हायचं ते झालं. शिट्टी वाजली आणि पंच गोंधळून इकडंतिकडं पाहायला लागले, कारण त्यांची शिट्टी त्यांच्या हातात होती! "कबड्डी कबड्डी" म्हणता म्हणता कप्तानाला हसू फुटलं. दम तुटला. बाद!

चंदर तर वाऱ्यासारखा खेळत होता. अलीमियाँनी अठ्ठावन्नाव्या वर्षी एकाचा घोटा धरला आणि सोडलाच नाही. मी स्वतः दोन पकडी केल्या. त्यातली एक आमच्याच माणसाची होती, पण दुसरी खरी. बघता बघता बावीस-तेवीस! एका गुणाचा फरक, शेवटची चढाई, आणि ती मुसअबची.

प्रेक्षक उठून उभे राहिले. मुसअबनं एकदा माझ्याकडं पाहिलं, छाती भरून घेतली आणि निघाला. काय खेळला! डावीकडं हूल, उजवीकडं पाय, त्यांच्या कोपऱ्याला बोट लावलं. लागलं! आता फक्त परत यायचं. तिघं त्याच्यावर पडले. तो त्यांना ओढत ओढत मध्यरेषेकडं येत होता. "कबड्डी, कबड्डी, कब..." रेषा हातभर राहिली. मी इकडून हात पसरून उभा. "कब..."

दम संपला. हात रेषेला पोचायला वीतभर कमी पडला.

बावीस-चोवीस.

तो तिथंच मातीत बसून राहिला. मी शेजारी जाऊन बसलो. "मुसअब, तू हरला नाहीस. मी हरवलं तुला. चार वाट्या मी दिल्या."

तो बराच वेळ धापा टाकत होता. मग म्हणाला, "दादा, तिकडं बारा वर्षं कुणी माझ्या दाराला डबा अडकवला नाही." आणि मातीचे हात झटकून उठला.

आता यानंतर गप घरी यावं की नाही? पण यंदा बक्षीस समारंभाला सगळ्यांनी थांबायचं होतं. रात्री तळ्यानं अंतिम सामनाही जिंकला, चषक नेला. आम्ही मागच्या रांगेत दूर दूर उभे. तेवढ्यात मुख्य पंच माईकवर आले.

"यंदा एक खास चषक आहे. शिस्तबद्ध संघ! या संघातल्या एकाही खेळाडूनं पंचांशी वाद घातला नाही. आवाज चढवला नाही. एक प्रसंग सोडला, तर प्रत्येक वेळी हात वर करून, परवानगी मागून मैदान सोडलं. खेळाडूंच्या चेहऱ्यावर सतत जो संयम दिसत होता, तो नव्या पिढीनं शिकण्यासारखा आहे!"

आमच्या गावाचं नाव पुकारलं गेलं. राहुलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्याला नऊ दिवसांचा संयम आठवला असणार.

चषक मुसअबनं उचलला. दोन हातांत आरामात मावत होता, पण उचलला! फोटो निघाला. त्या फोटोत सातही जण एकमेकांपासून दोन-दोन हात अंतरावर उभे आहेत, आणि दोह्याच्या खोलीवर सगळ्यांना वाटतं, भारतात चषक घेताना असंच उभं राहायचं असतं.

दुसऱ्या दिवशी नूरैन खास रजा टाकून आली. मी आधीच तयारी करून बसलो होतो. "नूरैन, एक गाव, एक आहार, दहा दिवस, सात पोटं! एवढा मोठा प्रयोग झाला. तुझ्या संशोधनात माझं नाव कुठं घालायचं ते बघ. पहिलं नसलं तरी चालेल. दुसरं घाल."

तिनं माझी वही पाहिली. व्हॉट्सॲपचे अहवाल पाहिले. मग अगदी आदरानं वही मिटली. "दादा, प्रयोगाआधी कुणाचीच तपासणी झाली नव्हती. वाट्या मधेच वाढवल्या, त्याही प्रत्येकाला वेगळ्या. अहवालात कुणी खरं लिहिलं नाही. आणि हा सात माणसांचा प्रयोगही नव्हे. सहा माणसं आणि एक बकरी."

"पण माझं पोट तर सिद्ध झालं ना? लोखंडी!"

"तुमचं पोट वालासाठी लोखंडी आहे," ती म्हणाली. "एवढंच सिद्ध झालं."

पोरीला बोलायची फार सवय. मी मनावर घेतलं नाही.

परवा मुसअब गेला. जाताना घरी आला, काशीच्या पाया पडला आणि माझ्या हातात तिकडून आणलेल्या जर्दाळूंचं किलोभराचं खोकं ठेवलं. "आम्ही तिकडं येताजाता मूठमूठ खातो दादा. पण तुम्ही बेतानं घ्या. दोन-तीनच!"

दोन-तीन! मला? गोड, मऊ, केशरी फळं, त्यात काय आहे एवढं? काल जेवणानंतर मी खोकं उघडलं आणि माझ्या पोटावर माझा पूर्ण विश्वास असल्यामुळं ते संपवूनच उठलो.

ही सगळी हकिगत मी तुम्हाला इतक्या निवांतपणे कशी काय लिहू शकलो, असा प्रश्न काहींना पडला असेल. सकाळपासून मी एकाच जागी बसून आहे. जागा लहान आहे, टेबल नाही, कागद गुडघ्यावर आहे. आत्ताच काशीनं बाहेरून दार वाजवलं.

"अहो, टाकी संपत आली. येताय बाहेर, का मोटर लावू?"

थोडा विचार केला आणि पूर्ण आत्मविश्वासानं सांगितलं, "मोटर लाव!"